ताकद आणि दम एकाच आठवड्यात बसवताना

वजनाचे व्यायाम आणि धावणे या दोन्ही गोष्टी मी याआधी केल्या होत्या, पण वेगवेगळ्या काळात. चाळिशीच्या आधी जवळपास तीन वर्षे मी फक्त धावत असे. तेव्हा दम चांगला होता, परंतु भरलेली पिशवी घेऊन तीन जिने चढले की मांड्या थरथरत आणि उजवा गुडघा दुखू लागे. नंतरचे दीड वर्ष फक्त वजने उचलण्यात गेले. पाठ आणि खांदे भक्कम झाले, मात्र शंभर पावले पळाले तरी बोलता येईनासे होई. एकाचा ध्यास घेतला की दुसरे हातातून सुटत गेले. २०२४च्या डिसेंबरात, वयाच्या ४३व्या वर्षी, मी ठरवले की सहा महिने दोन्ही व्यायाम एकाच आठवड्यात नीट बसवून पाहायचे. ते २६ आठवडे २०२५च्या ६ जुलैला पूर्ण झाले. मधले काही आठवडे फार गोंधळाचे होते आणि त्या काळात कुणाचा तरी तपशीलवार अनुभव वाचायला मिळावा असे सारखे वाटत असे, म्हणून वहीतल्या नोंदी समोर ठेवून हे लिहीत आहे.

दोन्ही का, याचे उत्तर मला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत मिळाले होते. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस एरोबिक, म्हणजे दम वाढवणारी, हालचाल करावी आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, असे त्यात म्हटले आहे. त्यातला ‘त्याशिवाय’ हा भाग मी इतकी वर्षे नजरेआड केला होता. माझी उद्दिष्टे साधी होती : न थांबता ८ किलोमीटर धावणे आणि खांद्यावर ५० किलोचा बार घेऊन सलग पाच स्क्वॅट, म्हणजे उठाबशा, नीट करणे.

सुरुवातीचे काही आठवडे कागदपत्रांतच गेले. व्यायामशाळेत नाव नोंदवताना पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली भरावी लागली. तिच्या पहिल्या पानावर हो किंवा नाही अशी उत्तरे देण्याचे सात प्रश्न असतात : हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे का, छातीत दुखते का, चक्कर येऊन तोल जातो का, दुसरा एखादा दीर्घकालीन आजार आहे का, त्यासाठी औषधे चालू आहेत का, हाडांचा वा सांध्यांचा असा त्रास आहे का जो व्यायामाने वाढेल, आणि फक्त वैद्यकीय देखरेखीखालीच व्यायाम करा असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का. सातही उत्तरे ‘नाही’ असतील तर तिथेच सही करून मोकळे होता येते. गुडघ्यामुळे माझे एक उत्तर ‘हो’ आले, त्यामुळे पुढची पाने भरावी लागली आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणण्यास सांगण्यात आले. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी विचारले, ‘चिठ्ठी नेमकी कशासाठी हवी आहे?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण प्रश्नावली मी काउंटरवरच ठेवून आले होते. ती परत आणणे, पुन्हा वेळ घेणे, ईसीजी आणि रक्तदाब या सगळ्यात नऊ दिवस गेले. भरलेली प्रश्नावली आणि आपण काय करणार आहोत याची चार ओळींची टिपणी सोबत नेली असती तर एकाच भेटीत काम झाले असते.

रक्तदाब १३८/८८ भरला. डॉक्टरांनी पाच मिनिटे शांत बसवून तो पुन्हा मोजला आणि घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून नोंद आणण्यास सांगितले. घरची सरासरी थोडी कमी आली. व्यायामाला परवानगी मिळाली, फक्त वजन उचलताना श्वास रोखून धरायचा नाही, वजन वर नेताना श्वास सोडायचा, अशी ताकीद मिळाली, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणभर बराच चढतो.

६ जानेवारीच्या सोमवारी सुरुवात केली. पहिले दोन आठवडे मी फक्त मोजमाप आणि सराव केला आणि तो निर्णय योग्य ठरला. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायची आणि सात दिवसांची सरासरी काढायची. ती ७८ आली. कूपर चाचणीत, म्हणजे १२ मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर कापता येते हे पाहणाऱ्या चाचणीत, १,६५० मीटर झाले, त्यातले शेवटचे चारशे चालत. स्क्वॅटसाठी नुसता बार घेतला. मोठा बार २० किलोचा असतो आणि १५ किलोचा एक आखूड, थोडा बारीक बारही असतो, हे मला दीड वर्ष वजने उचलूनही माहीत नव्हते, कारण तेव्हा माझा सगळा व्यायाम यंत्रांवर आणि डंबेलवर होत असे. ज्यांना पहिल्यांदा बार खांद्यावर घ्यायचा आहे त्यांनी १५ किलोचा बार आहे का हे जरूर विचारावे.

पहिल्या आठवड्यात अंग इतके आंबले की तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना हातांचा आधार घ्यावा लागला. हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते आणि मग आपोआप ओसरते. त्याला लॅक्टिक आम्ल कारणीभूत आहे असे मला अनेकांनी सांगितले, पण व्यायामातून तयार झालेले लॅक्टेट तासाभरातच रक्तातून बरेचसे कमी झालेले असते. दुखणे येते ते नेहमीपेक्षा वेगळ्या ताणाने, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, स्नायूंच्या तंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेमुळे.

तिसऱ्या आठवड्यापासून मी स्वतःच आखलेले वेळापत्रक सुरू केले आणि इथेच चूक झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार एक तास वजने आणि लगेच ट्रेडमिलवर ३० मिनिटे धावणे. मंगळवार, गुरुवार, शनिवार ४५ मिनिटे बाहेर धावणे. आठवड्याला पावणेसात तास. कागदावर ते फार समतोल दिसत होते, तीन दिवस हे आणि तीन दिवस ते. पहिले काही आठवडे प्रगतीही झाली. पाचव्या आठवड्यात ४० किलोचे पाच स्क्वॅट जमले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सातव्या आठवड्यात तेच ४० किलो चौथ्या वेळेला वर येईना, आणि आठव्या आठवड्यात, २४ फेब्रुवारीला, ३७.५ किलोवरही पाच पूर्ण झाले नाहीत. सकाळची नाडी मधल्या काळात ७२पर्यंत उतरली होती ती पुन्हा ७९वर गेली. रात्री तीनला जाग येऊ लागली. घरी लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होऊ लागली. डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले ते आधी धावण्याच्या सुरुवातीला, नंतर पूर्ण धाव होईपर्यंत.

त्या आठवड्यात मला खरोखर हताश वाटले. आळस केला असता तर चूक कुठे आहे हे कळले असते. इथे तर सहाही दिवस वेळेवर हजर राहून ताकद कमी होत होती.

याच सुमारास व्यायामाचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८०च्या अभ्यासाविषयी वाचले. त्यांनी तीन गट केले होते : एक फक्त ताकदीचा व्यायाम करणारा, दुसरा फक्त दमाचा, आणि तिसरा दोन्ही. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दमाचा सहा दिवस, आणि एकूण कालावधी दहा आठवड्यांचा. दोन्ही करणाऱ्या गटाची ताकद सुमारे सात आठवडे पहिल्या गटासारखीच वाढली, मग ती थबकली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यांत घसरली. दमाच्या क्षमतेवर मात्र वजनांचा वाईट परिणाम दिसला नाही. दमाच्या व्यायामाने ताकदीच्या वाढीत येणाऱ्या या अडथळ्याचे स्पष्टीकरण पुढे पेशींच्या पातळीवर शोधले गेले : लांब दमाच्या व्यायामाने एएमपीके नावाचे विकर (एन्झाइम) सक्रिय होते आणि स्नायूंची बांधणी करायला सांगणाऱ्या एमटॉर या मार्गाला ते आवर घालते, अशी ती मांडणी आहे.

माझ्या वहीतला सातवा आठवडा आणि त्या अभ्यासातला सातवा आठवडा जुळलेला पाहून क्षणभर वाटले की उत्तर मिळाले. पण शांतपणे विचार केल्यावर ते पटले नाही. त्या लोकांनी माझ्यापेक्षा फार तीव्र व्यायाम केला होता. शिवाय २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसते की दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंचा आकार आणि कमाल ताकद यांची वाढ फारशी अडत नाही. झटक्याने लावायच्या ताकदीवर थोडा परिणाम होतो, आणि तोही मुख्यतः दोन्ही एकाच सत्रात उरकले तर. म्हणजे माझ्यासारख्या साध्या व्यायाम करणाऱ्याला दोन्ही एकत्र करण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. माझी अडचण वेगळी होती. माझा एकही दिवस हलका नव्हता. पाय सहा दिवस मध्यम-कठीण ताण घेत होते आणि सातव्या एका दिवसात त्यांनी सगळे भरून काढावे अशी माझी अपेक्षा होती. स्क्वॅट आणि धावणे वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहिले जात होते, पण थकवा एकाच शरीरात साठत होता.

नडगीसाठी फिजिओथेरपिस्टची वेळ अकरा दिवसांनी मिळाली, ७ मार्चला. त्यांनी हाडाला एका बिंदूवर दाबून पाहिले, एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि हाडाला चीर असण्याची शक्यता कमी आहे, ताण जास्त झाला आहे, असे सांगितले. (दुखणे बोटाने दाखवता येईल इतक्या एकाच जागी असेल, किंवा विश्रांतीतही दुखत असेल, तर मात्र वाट पाहू नये.) दहा दिवस धावणे बंद, सायकल चालेल, पोटऱ्यांचे व्यायाम रोज. सदस्यत्व तेवढ्या काळापुरते स्थगित करावे म्हणून व्यायामशाळेत अर्ज केला, तेव्हा कळले की अर्ज सात दिवस आधी द्यावा लागतो, वैद्यकीय दाखला जोडावा लागतो आणि स्थगिती किमान १५ दिवसांची असते; हे सगळे करारात बारीक अक्षरांत होते आणि मी सही करताना वाचले नव्हते. पूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरण्याऐवजी पहिले तीन महिनेच घ्यावेत आणि स्थगितीचा नियम सहीच्या आधी विचारावा, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

१७ मार्चला, अकराव्या आठवड्यात, नवे वेळापत्रक सुरू झाले. सोमवारी ५५ मिनिटे वजने. मंगळवारी ४५ मिनिटे अगदी सावकाश धावणे. बुधवार मोकळा. गुरुवारी सकाळी पुन्हा ५५ मिनिटे वजने आणि त्याच संध्याकाळी, मध्ये किमान सहा तास सोडून, ३० मिनिटे सायकल : पाच मिनिटे हलकी, मग दोन मिनिटे जोरात आणि दोन मिनिटे संथ असे पाच वेळा, शेवटी पाच मिनिटे हलकी. शुक्रवार मोकळा, शनिवारी ७५ मिनिटे सावकाश, रविवार मोकळा. दमाच्या व्यायामाची बरोबर १५० मिनिटे, वजनांचे दोन दिवस, आणि एकूण वेळ चार तास वीस मिनिटे. आधीच्यापेक्षा जवळपास अडीच तास कमी. दोन कठीण गोष्टी गुरुवारी एकाच दिवशी ठेवल्या त्या मुद्दाम, कारण त्यांना वेगवेगळे दिवस दिले असते तर पायांना खरी विश्रांती देणारा दिवस उरला नसता. जोरकस भागासाठी सायकल निवडण्याचे कारण असे की तिच्यात पाय जमिनीवर आपटत नाहीत. ज्यांना दोन्ही एकाच वेळेत करावे लागते त्यांनी, ताकद वाढवायची असेल तर, आधी पाच-दहा मिनिटे चालून अंग गरम करावे, मग वजने आणि शेवटी दमाचा व्यायाम असा क्रम ठेवावा. थकलेल्या पायांनी बार खांद्यावर घेतला की पाठ वाकते, हे मी अनुभवले आहे.

नव्या वेळापत्रकात सर्वांत अवघड गेले ते सावकाश धावणे. कमाल नाडी काढण्याची २२० वजा वय ही रीत प्रसिद्ध आहे आणि २०८मधून वयाच्या ०.७ पट वजा करण्याची दुसरी रीत आहे. माझ्या वयाला दोन्हींनी १७७-१७८ असाच आकडा येतो. मात्र प्रत्यक्ष माणसाची कमाल नाडी या अंदाजापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी असू शकते, म्हणून मी बोलण्याच्या कसोटीवर भिस्त ठेवली : पूर्ण वाक्ये बोलता यावीत, गाता येऊ नये. मी धावताना एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हणत असे. ‘एकोणीस पाचे पंच्याण्णव’ला धाप लागली की चालायला लागायचे. पहिल्या शनिवारी ७५ मिनिटांपैकी निम्म्याहून अधिक वेळ मी चालतच होते. माझ्यापुढून लोक धावत जात आणि वेग वाढवण्याची इच्छा आवरणे मला वजन उचलण्याहून कठीण वाटे. पण तीन आठवड्यांनी मंगळवारचे पाय हलके वाटू लागले, आणि सोळाव्या आठवड्यात त्याच श्वासात, तोच पाढा म्हणत, मी सलग ४० मिनिटे धावले. आधी मी प्रत्येक वेळी जेवढे धावत होते ते हलके म्हणावे तर जास्त होते आणि वेग वाढण्यासाठी पुरेसे कठीणही नव्हते.

वजनांच्या बाबतीत एकच नियम पाळला : प्रत्येक सेट, म्हणजे सलग उचलण्याची एक फेरी, आणखी दोन वेळा नक्की उचलता येईल अशा टप्प्यावर थांबवायचा. तीन सेट असे सलग दोन सत्रांत पूर्ण झाले की २.५ किलो वाढवायचे. त्यासाठी दोन्ही बाजूंना सव्वा किलोच्या चकत्या लागतात आणि त्या बहुतेक ठिकाणी मोजक्याच असतात, म्हणून गर्दीच्या वेळेआधी जाणे सोयीचे ठरते. दर चौथ्या आठवड्यात वजन तेच ठेवून सेट निम्मे करायचे. स्क्वॅट, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभे राहणे), जोर, एक ओढण्याचा व्यायाम आणि पोटऱ्या, एवढेच पाच व्यायाम. धावण्याचे मऊ, जाड तळाचे बूट घालून स्क्वॅट करू नये, पाय डगमगतो. सपाट तळाचे बूट वेगळे ठेवावेत.

अठराव्या आठवड्यात तापाने नऊ दिवस गेले. केलेले सगळे वाया गेले या विचाराने ते दिवस मी स्वतःला उगाच त्रास करून घेतला. हिक्सन यांनीच पुढे १९८०च्या दशकात दाखवले होते की तीव्रता तीच ठेवली तर व्यायामाचा वेळ किंवा दिवस बरेच कमी करूनही कमावलेला दम कित्येक आठवडे टिकतो. ताकदीचेही साधारण तसेच आहे. परतल्यावर पहिला आठवडा सगळी वजने १० टक्क्यांनी कमी केली, शनिवारची धाव ४० मिनिटांची केली आणि दुसऱ्या आठवड्यात मागच्या जागी आले. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर अडचणीच्या आठवड्यासाठी सर्वांत छोटा कार्यक्रम लिहून ठेवला आहे : वजनांचे एक सत्र, अर्ध्या तासाच्या दोन झपझप चालण्याच्या फेऱ्या.

जून महिन्यात भर बदलला. शनिवारची धाव ९० मिनिटांपर्यंत वाढवली आणि वजने आहेत तिथे ठेवली. दोन्हीकडे एकाच वेळी वाढ करायची नाही, हे आठव्या आठवड्याने शिकवले होते. २८ जूनला, शनिवारी, ८ किलोमीटर न थांबता झाले, एक तास सहा मिनिटांत. सातव्या किलोमीटरला नडगीकडे सारखे लक्ष जात होते, पण ती दुखली नाही. चार दिवस पाय मोकळे ठेवून ३ जुलैला ५० किलोचे पाच स्क्वॅट केले. पाचवा सावकाश वर आला. त्या आठवड्यात सकाळच्या नाडीची सरासरी ६६ होती आणि घरी मोजलेल्या रक्तदाबाची सरासरी १२४/८०. डॉक्टरांनी नोंद पाहून ऑक्टोबरमध्ये पुन्हा यायला सांगितले आहे. बारला लटकून स्वतःला एकदाही वर ओढता आलेले नाही, आणि डेडलिफ्ट ६० किलोवर अडली आहे. पुढचे बारा आठवडे त्या दोन्हींसाठी ठेवले आहेत; त्या काळात शनिवारची धाव पुन्हा ६० मिनिटांवर आणणार आहे. सदस्यत्वाचे नूतनीकरण करायचे आहे, यावेळी तीन महिन्यांचे.